इलेक्ट्रोनेगेटिव्हिटीचा बाण, फ्लोरिन-क्लोरिनचा घोळ आणि आगाऊ गॅलियम

मलप्रभा (धागाकर्ती)
नमस्कार मंडळी. आमचा धाकटा यंदा पीयूसी फर्स्टला, म्हणजे अकरावीला. दहावीपर्यंत खानापुरात मराठी मिडीयम, आता बेळगावात सायन्स घेतलंय, पहाटेची बस धरून जातोय आणि सगळं एकदम इंग्लिशमधनं सुरू झालंय. भाषेचं तो निभावून नेतोय, पण पिरियॉडिक टेबलच्या धड्यात गाडी अडकली आणि त्याच्याबरोबर माझी पण, कारण माझ्या बीएस्सीवर आता चांगलीच धूळ बसलीय.
क्लासमधे त्यांना इलेक्ट्रोनेगेटिव्हिटीचा (बंधातली इलेक्ट्रॉनची जोडी अणू आपल्याकडं किती ओढतो त्याचा) एक बाण काढून दिलाय. डावीकडनं उजवीकडं वाढते, वरनं खाली कमी होते, उजव्या वरच्या कोपऱ्यात फ्लोरिन, डाव्या खालच्या कोपऱ्यात सीझियम, झालं, पाठ करा. ठीक. पण पोरगं मला विचारतंय की फ्लोरिन जर सगळ्यात जास्त इलेक्ट्रॉन ओढणारा (३.९८) तर मग इलेक्ट्रॉन अफिनिटीच्या तक्त्यात क्लोरिन ३४९ आणि फ्लोरिन ३२८ कसं काय? आणि ॲल्युमिनियम १.६१, त्याच्या खाली गॅलियम १.८१, म्हणजे खाली जाताना वाढली की! आणि नेटवर शिशाचा आकडा एका ठिकाणी २.३३ आणि दुसऱ्या ठिकाणी १.८७ दिसतोय तो काय प्रकार?
"एक्सेप्शन आहे, पाठ कर" हे उत्तर नको, ते क्लासात मिळालंय.

वडगावचा_बंड्या
ताई एक्सेप्शनच आहे, पाठ करायला सांगा :) मी पण सीईटीचीच तयारी करतोय, एवढ्या खोलात गेलं तर फिजिक्स कधी करायचं?

तंबाखूनगर
निपाणीहून हजेरी. सोप्पं आहे की हो, रस्सीखेच समजा. दोन अणू दोन टोकांना, मधे इलेक्ट्रॉनची जोडी. ज्याच्या दंडात जोर जास्त त्याच्याकडं जोडी सरकते. फ्लोरिन पैलवान, सीझियम हाडकुळा. बाकी मोठ्या लोकांनी सांगावं, मी कॉमर्सवाला.

हिडकल
@तंबाखूनगर, सुरुवातीला ठीक आहे पण पोराला तिथंच सोडू नका. रस्सीखेचीत शेवटी एक जण पडतो आणि दोर दुसऱ्याचा होतो. बंधात बहुतेक वेळा तसं होत नाही, जोडी थोडी एका बाजूला सरकून तिथंच राहते. हायड्रोजन क्लोराईडचा डायपोल मोमेंट (रेणूची धन-ऋण टोकं किती वेगळी झालीत त्याचं माप) १.०८ डिबाय मोजलाय, अख्खा इलेक्ट्रॉन क्लोरिनकडं गेला असता तर तो ६.१ च्या आसपास यायला पाहिजे होता. म्हणजे सरकणं साधारण १८ टक्के. हा "किती सरकली" चा हिशोब डोक्यात ठेवला तर पुढचं सगळं सोपं जातं, नाहीतर पोरं प्रत्येक बंधात कोण जिंकला तेवढंच बघत बसतात.

जुना_मास्तर
मलप्रभाताई, मुलाची पाठ थोपटा. चिकोडी भागात पीयूला केमिस्ट्री शिकवण्यात माझा जन्म गेला, हा फ्लोरिन-क्लोरिनचा प्रश्न वर्गात ज्या पोरानं विचारला त्या पोराला धडा कळायला लागलाय असं मी समजायचो.
आधी दोन गोष्टी वेगळ्या करू. इलेक्ट्रॉन अफिनिटी ही एकट्या अणूची गोष्ट. वायुरूपातला एकटा अणू, शेजारीपाजारी कुणी नाही, त्याला बाहेरनं एक अख्खा इलेक्ट्रॉन दिला की किती ऊर्जा बाहेर पडली ते मोजायचं, एकक किलोज्यूल प्रति मोल. इलेक्ट्रोनेगेटिव्हिटी ही बंधातल्या अणूची गोष्ट. दुसऱ्याबरोबर संसार मांडल्यावर सामाईक जोडी आपल्याकडं किती ओढतो ती. ती कुठल्या मीटरवर थेट मोजता येत नाही, दुसऱ्या मोजलेल्या गोष्टींवरनं काढावी लागते.
आता फ्लोरिन अणू फार लहान. दुसऱ्या कवचात त्याचे सात इलेक्ट्रॉन आधीच दाटीनं बसलेत, त्यात बाहेरनं आठवा अख्खा घुसवला की आपसातलं रिपल्शन वाढतं आणि बाहेर पडणारी ऊर्जा थोडी कमी होते. क्लोरिनचं तिसरं कवच ऐसपैस, तिथं हा त्रास कमी. म्हणून ३२८ आणि ३४९. बस, एवढंच.
पण ओढणं म्हणजे फक्त नवा घेणं नव्हे, आपले आहेत ते न सोडणं पण त्यातच आलं. १९३४ साली मलिकन या शास्त्रज्ञांनी हेच धरून व्याख्या केली, आयनायझेशन एनर्जी म्हणजे अणूतला एक इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा, आयनायझेशन एनर्जी आणि अफिनिटी यांची सरासरी घ्या. मुलाला वहीत करायला लावा. फ्लोरिन, १६८१ अधिक ३२८, झाले २००९, निम्मे १००४. क्लोरिन, १२५१ अधिक ३४९, झाले १६००, निम्मे ८००. अफिनिटीत क्लोरिन २१ नं पुढं आहे आणि सोडण्याच्या बाबतीत फ्लोरिन ४३० नं पुढं आहे. आता २१ चं काय घेऊन बसायचं?

मलप्रभा (धागाकर्ती)
सर, धन्यवाद. हे २१ आणि ४३० वाचून पोरगं "हां मग!" म्हणालं आणि लगेच पुढचा बाँब टाकला. नायट्रोजनची अफिनिटी तर जवळपास शून्य आहे म्हणे, मग त्याची ३.०४ कशी, कार्बनच्या (२.५५) वर?

जुना_मास्तर
त्याच वहीत, त्याच पानावर. नायट्रोजन १४०२ अधिक जवळजवळ काही नाही, निम्मे ७००. कार्बन १०८६ अधिक १२२, निम्मे ६०४. अर्ध्या भरलेल्या पी ऑर्बिटलमुळं नायट्रोजन नवा घ्यायला नाखूष असतो, पण आपले सोडायला त्याहून नाखूष.

हिडकल
सरांचा हिशोब बरोबर आहे, फक्त एक सांगतो नाहीतर पुढं गोंधळ होईल. पुस्तकात जे ३.९८, ३.१६ आकडे आहेत ते मलिकनचे नव्हेत, ते पाउलिंगचे. पाउलिंगनी १९३२ मधे वेगळ्याच वाटेनं काढले, बंध तोडायला लागणाऱ्या ऊर्जेवरनं. मला वैयक्तिक हीच वाट जास्त आवडते कारण ती खरोखर बंधांवरच उभी आहे.
कल्पना अशी की ए आणि बी ही दोन मूलद्रव्यं धरा, ए-ए बंध आणि बी-बी बंध यांच्या ऊर्जेची सरासरी काढा. ए-बी बंध जर निव्वळ समसमान वाटणीचा असता तर त्याची ताकद त्या सरासरीएवढीच यायला पाहिजे. प्रत्यक्षात ती जास्तच येते, आणि ती जी वरकड ताकद आहे ती जोडी सरकल्यामुळं आली असं धरायचं. करून बघा. हायड्रोजन-हायड्रोजन ४३६, क्लोरिन-क्लोरिन २४२, सरासरी ३३९. हायड्रोजन-क्लोरिन मोजलेला ४३१. वरकड ९२. त्याला ९६.५ नं भागा (किलोज्यूलचं इलेक्ट्रॉन व्होल्ट करायला), ०.९५ आलं, त्याचं वर्गमूळ ०.९८. आता तक्त्यात बघा, ३.१६ वजा २.२० म्हणजे ०.९६. जमलं की नाही?
यातनं एक लक्षात येईल की पाउलिंगच्या रीतीनं फक्त दोघांतला फरकच हाताला लागतो. सुरुवात कुठनं धरायची ते ठरवून घेतलेलं आहे, म्हणून एखाद्या मूलद्रव्याचा एकटा आकडा घेऊन "हा ३.४४ म्हणजे किती जोर" असं विचारण्यात अर्थ नाही.

वडगावचा_बंड्या
हे वर्गमूळवालं आम्हाला कुणी करून दाखवलंच नाही. फॉर्म्युला दिलाय फक्त. वाचनखूण साठवली.

उद्यमबाग_शिफ्ट
मी केमिस्ट्रीचा नाही, फौंड्रीत लॅबला आहे. पण धागा बघून रहावेना. आम्ही एसजी आयर्न (ज्यात ग्राफाईट गोल गोळ्यांसारखा असतोय ते ओतीव लोखंड) काढतो, त्यात गंधक म्हणजे वैरी. बेस मेटलमधे गंधक नि ऑक्सिजन राहिला तर ग्राफाईट गोल होत नाही, पापड्या-पापड्याच राहतात, कास्टिंग ठिसूळ. म्हणून लॅडलच्या (वितळलेलं मेटल न्यायच्या भांड्याच्या) तळाला जो खिसा असतोय त्यात एफएसएम टाकायचं (फेरो सिलिकॉन मॅग्नेशियम), वरनं स्टीलचं पंचिंग टाकून झाकायचं आणि मग फर्नेसमधनं मेटल ओतायचं. मॅग्नेशियम १०९० डिग्रीला उकळतंय आणि मेटल असतंय १४५० च्या वर, त्यामुळं जो काय पांढरा लख्ख उजेड नि धूर होतोय तो बघण्यासारखा असतोय, नवीन पोरगं मागं पळतंय. मॅग्नेशियम जाऊन गंधकाला धरतंय, मॅग्नेशियम सल्फाईड होऊन स्लॅगमधे (वर तरंगणाऱ्या मळीत) येतंय. त्या स्लॅगवर पाणी पडलं की सडक्या अंड्याचा वास. आणि ट्रीटमेंट झाल्यावर रेंगाळायचं नाही, मॅग्नेशियम उडून जातंय, उशीर केला की परत पापड्या.
माझा प्रश्न असा की लोखंड एवढं ढीगभर असताना गंधक लोखंडाला सोडून चिमूटभर मॅग्नेशियमकडं का जातंय? हे तुमच्या बाणातनं निघतंय काय? आणि मॅग्नेशियम नसताना साध्या ग्रे आयर्नला (पापडी ग्राफाईटच्या ओतीव लोखंडाला) आम्ही मँगनीज का ठेवतो ते पण त्यातच येतंय काय?

हिडकल
वा! हा प्रश्न पुस्तकात यायला पाहिजे होता. निघतंय, आणि इतकं छान निघतंय की मी आकडे घालून बघितल्यावर खूश झालो.
गंधक २.५८. लोखंड १.८३, फरक ०.७५. मँगनीज १.५५, फरक १.०३. मॅग्नेशियम १.३१, फरक १.२७. कॅल्शियम १.००, फरक १.५८. आता वर जो पाउलिंगचा हिशोब केला तोच उलटा फिरवा. फरकाचा वर्ग गुणिले ९६.५ ही एका बंधाची वरकड ताकद, सल्फाईडमधे दोन बंध धरा, म्हणजे दुप्पट. लोखंडाला येतात १०९ किलोज्यूल, मँगनीजला २०५, मॅग्नेशियमला ३११, कॅल्शियमला ४८२. आणि प्रयोगानं मोजलेल्या सल्फाईड तयार होण्याच्या उष्णता बघा, साधारण १००, २१४, ३४६ आणि ४८०. एका साध्या तक्त्यातनं एवढं जवळ येणं म्हणजे कमाल आहे.
म्हणजे गंधक मॅग्नेशियमकडं जातंय कारण तिथं गेल्यावर तिप्पट ऊर्जा सुटतेय. ग्रे आयर्नमधे मँगनीज ठेवायचं कारण तेच, गंधकानं लोखंडाऐवजी मँगनीज धरावं म्हणून. आणि चुना किंवा कॅल्शियम कार्बाईडनं डीसल्फरायझिंग करतात (गंधक काढतात) ते पण याच ओळीत शेवटी बसतंय.

उद्यमबाग_शिफ्ट
आता कळलं. आमच्याकडं सगळे "एमजी मारलं की होतंय" एवढंच सांगतात. हे वर्गाचं गणित उद्या लॅबात भिंतीला लावतो.

जुना_मास्तर
हिडकल, छान जमवलंत. फक्त प्रत्येक संयुगाला हे इतकं गोड जुळेल असं पोरांना वाटायला नको. ऑक्साईड आणि नायट्राईडला पाउलिंगनाच वेगळी वजावट करावी लागली होती, कारण ऑक्सिजन आणि नायट्रोजनच्या रेणूतले दुहेरी-तिहेरी बंध जास्तच पक्के असतात.
आता गॅलियमकडं येतो. त्याआधी बाण मुळात का आहे ते दोन ओळींत. आडव्या ओळीत उजवीकडं जाताना केंद्रकात प्रोटॉन वाढतात पण नवे इलेक्ट्रॉन त्याच कवचात बसतात, ते एकमेकांना केंद्रकाच्या ओढीपासून नीट झाकत नाहीत. स्लेटरच्या नियमांनी (बाकीचे इलेक्ट्रॉन केंद्रकाचा भार किती झाकतात त्याचे ठोकताळे) काढलं तर बाहेरच्या इलेक्ट्रॉनला जाणवणारा भार लिथियममधे १.३० आणि फ्लोरिनमधे ५.२०. त्यात अणूही आक्रसतो, एनसीईआरटीच्या तक्त्यात लिथियम १५२ पिकोमीटर आणि फ्लोरिन ६४. जोर वाढला, अंतर घटलं, दोन्ही एकाच दिशेला. उभ्या ओळीत खाली गेलं की कवच वाढतं, अंतर वाढतं. क्लोरिनचा जाणवणारा भार ६.१० आहे, फ्लोरिनपेक्षा जास्तच! पण त्रिज्या ९९. ओढ अंतराच्या वर्गानं कमी होते म्हणून ५.२० ला ६४ च्या वर्गानं आणि ६.१० ला ९९ च्या वर्गानं भागलं की फ्लोरिन दुपटीनं वर राहतो. ऑलरेड आणि रोचाव यांचं १९५८ चं स्केल याच भागाकारावर उभं आहे.
तेव्हा बाण हा नियम नाही, या भागाकाराचा निकाल आहे. जिथं भागाकार वेगळा येतो तिथं बाण मोडणार.
ॲल्युमिनियमपासून गॅलियमपर्यंत प्रोटॉन १३ वरनं ३१ वर गेले. मधे स्कँडियम ते झिंक ही दहा मूलद्रव्यं येऊन गेली आणि त्यांचे दहा ३डी इलेक्ट्रॉन आत बसले. डी इलेक्ट्रॉन झाकण्याच्या कामात कच्चे. कवच एक वाढलं तरी बाहेरच्या इलेक्ट्रॉनला ओढ जास्तच जाणवते आणि अणू फुगायचा तसा फुगत नाही, धातूरूपात ॲल्युमिनियम १४३ पिकोमीटर आणि गॅलियम उलट १३५. म्हणून १.८१. शेजारी जर्मेनियम २.०१ आणि त्याच्यावरचा सिलिकॉन १.९०, तिथंही तेच. मेंडेलीव्हनी १८७१ साली या रिकाम्या घराला एका-ॲल्युमिनियम (म्हणजे ॲल्युमिनियमच्या खालचा) नाव देऊन गुणधर्म सांगितले होते आणि १८७५ ला गॅलियम सापडलं, ते या घरातलं पाहुणं किती आगाऊ आहे ते त्यांना तेव्हा कुठं ठाऊक असणार.

शहापूर_सराफकट्टा
सर, मग सोन्याचं पण असंच काय? चांदी १.९३ आणि सोनं २.५४ दिसतंय, म्हणजे सोनं जवळपास गंधकाएवढं! आमच्या धंद्यात सोनं कुणाशी बोलत नाही म्हणतात :)

जुना_मास्तर
असंच, आणि त्यात आणखी भर. सोन्याच्या आधी चौदा ४एफ इलेक्ट्रॉन भरलेले असतात, ते झाकण्यात डीपेक्षा कच्चे. शिवाय ७९ प्रोटॉनच्या केंद्रकाजवळ इलेक्ट्रॉन इतक्या वेगानं फिरतात की सापेक्षतावादाचा परिणाम दिसायला लागतो, बाहेरचं ६एस ऑर्बिटल आत ओढलं जातं. सोन्याचा पिवळा रंग त्याच कारणानं. आणि सोनं बोलत नाही असं नाही हो, योग्य माणूस भेटला की बोलतं. सीझियम ०.७९, सोनं २.५४, दोघं मिळून सीझियम ऑराईड होतं, त्यात सोनं चक्क ऋण आयन असतं, क्लोराईडसारखं. दोन धातू एकत्र आले आणि तयार झाला तो धातूसारखा वीज वाहणारा नव्हे, सेमीकंडक्टर.
शिशाचं पण इथंच उरकतो. पाउलिंगचे आकडे ऑक्सिडेशन स्टेटप्रमाणे (अणूनं किती इलेक्ट्रॉन गमावले त्याप्रमाणे) बदलतात. शिसं अधिक दोनमधे १.८७ आणि अधिक चारमधे २.३३. काही तक्ते एक छापतात, काही दुसरा, आणि खाली टीप द्यायला विसरतात. कथिलाचंही १.८० आणि १.९६. जास्त इलेक्ट्रॉन गमावलेला अणू उरलेल्यांना जास्त घट्ट धरणार, साधी गोष्ट.

तंबाखूनगर
मी कॉमर्सवाला असून सगळं वाचतोय, भारी चाललंय. एक शंका. बेळगावात यमनापूरला जो ॲल्युमिनाचा कारखाना आहे (आमचे मामा अजून इंडालच म्हणतात, हिंडाल्को कोण म्हणत नाही), तिथं बॉक्साईट (ॲल्युमिनियमचं खनिज) कॉस्टिक सोड्यात विरघळवतात आणि तांबडा चिखल बाजूला पडतो. मला वाटायचं ऑक्साईड म्हणजे गंज, तो सोड्यात विरघळतो कसा?

हिडकल
ॲल्युमिनियम ऑक्साईड अॅम्फोटेरिक आहे, आम्लात पण विरघळतो आणि अल्कलीत पण. आणि हे पण बाणाचंच काम. तिसऱ्या ओळीत डावीकडनं चला. सोडियमचा ऑक्साईड पक्का अल्कली, कारण सोडियम (०.९३) आणि ऑक्सिजन (३.४४) यात इतका फरक की ऑक्सिजन जवळपास मोकळा ऋण आयन. पुढं मॅग्नेशियमचा सौम्य अल्कली. ॲल्युमिनियम मधल्यामधे. मग सिलिकॉन, फॉस्फरस, गंधक, क्लोरिन, तिथं फरक कमी होत जातो, ऑक्सिजनबरोबरचे बंध कोव्हॅलंट (जोडी वाटून घेणारे) होतात आणि ऑक्साईड आम्लधर्मी. ॲल्युमिनियम मधल्या पायरीवर उभा म्हणून सोड्यात ॲल्युमिनेट होऊन विरघळतो, आणि लोखंडाचा ऑक्साईड न विरघळता तांबड्या चिखलात राहतो. बायर प्रोसेस ती हीच.

कडोलीची_लेक
थांबा थांबा. एमएस्सी चालू आहे, मधे तोंड घालते. लोखंडाचा आकडा १.८३ आणि अधिक तीनचा तर १.९६. ॲल्युमिनियमचा १.६१. म्हणजे बाणाच्या हिशोबानं लोखंडाचा ऑक्साईड ॲल्युमिनियमपेक्षा जास्त आम्लधर्मी पाहिजे, सोड्यात आधी त्यानं विरघळायला पाहिजे. उलट का होतंय?

हिडकल
प्रश्न बिनतोड आहे. तिसऱ्या ओळीपुरता बाण चालतो कारण तिथं आयनचा आकार पण त्याच दिशेनं बदलतो. लोखंडाला डी इलेक्ट्रॉन आहेत आणि त्याचा अधिक तीन आयन मोठा, साधारण ६४ पिकोमीटर, ॲल्युमिनियमचा ५३ च्या आसपास. लहान आयनवर तोच भार एकवटलेला, तो चार हायड्रॉक्साईड जास्त घट्ट धरून ॲल्युमिनेट बनवतो, लोखंडाला ते तेवढं जमत नाही. म्हणजे इथं नुसत्या इलेक्ट्रोनेगेटिव्हिटीवर भागत नाही, आकार धरावाच लागतो.

कडोलीची_लेक
हे लिहिलंत ते बरं केलंत, नाहीतर एकाच आकड्यावर सगळं जग बसवायची लोकांना सवय लागते. आमच्या सरांचं आवडतं उदाहरण कार्बन मोनॉक्साईड. कार्बन २.५५, ऑक्सिजन ३.४४, फरक ०.८९, कुणीही सांगेल की ऑक्सिजनकडं ऋण टोक असणार. प्रत्यक्ष डायपोल फक्त ०.११ डिबाय आणि ऋण टोक कार्बनकडं! बंधाची जोडी ऑक्सिजनकडं सरकलेली असतेच, पण कार्बनवरची जी एकटी जोडी बाहेर तोंड करून बसलीय ती सगळा हिशोब फिरवते. बंधाची पोलॅरिटी आणि अख्ख्या रेणूचा डायपोल या दोन वेगळ्या गोष्टी. पीयूच्या पोरांना अमोनिया १.४७ आणि नायट्रोजन ट्रायफ्लोराईड ०.२३ हे शिकवतात ना, तेच दुखणं.

वडगावचा_बंड्या
अक्का एक विचारू? १.७ पेक्षा फरक जास्त असला की आयोनिक (इलेक्ट्रॉन देऊन-घेऊन झालेला बंध), कमी असला की कोव्हॅलंट, हा नियम तर खरा आहे ना? त्यावर एमसीक्यू येतातच.

कडोलीची_लेक
परीक्षेपुरता वापर, मनाला लावून घेऊ नको. हायड्रोजन फ्लोराईडचा फरक १.७८, म्हणजे तुझ्या नियमानं आयोनिक. प्रत्यक्षात तो १९.५ डिग्रीला उकळतो, पावसाळ्यात बेळगावच्या हवेत जेमतेम द्रव राहील. डायपोलवरनं काढलं तर ४१ टक्के आयोनिक येतो. दुसरीकडं सोडियम हायड्राईडचा फरक १.२७ च, पण तो मिठासारखाच स्फटिकाचा आयोनिक. लिथियम आयोडाईड १.६८, तोही आयोनिक. १.७ ला कसलीही भिंत नाही, तिथं साधारण निम्मं-निम्मं येतं असं पाउलिंगच्या सूत्रावरनं निघतं, तेवढंच धरून कुणीतरी रेघ मारली.

मलप्रभा (धागाकर्ती)
पोरगं शेजारी बसून वाचतंय. विचारतंय की हायड्रोजन डाव्या टोकाला, लिथियमच्या डोक्यावर, मग त्याची २.२० कशी? बाणाप्रमाणे एकच्या आसपास पाहिजे ना.

जुना_मास्तर
तो तिथं फक्त एक इलेक्ट्रॉन आहे म्हणून बसलाय, स्वभावानं तिथला नव्हे. आत झाकायला एकही कवच नाही, एक प्रोटॉन आणि एक इलेक्ट्रॉन, मधे कुणी नाही. त्याची जागा आकड्यानं बोरॉन (२.०४) आणि कार्बन यांच्या मधे. म्हणून तर सोडियम बोरोहायड्राईडमधे बोरॉनशी बांधलेला हायड्रोजन थोडा ऋण असतो आणि पाण्यात ऑक्सिजनशी बांधलेला तोच हायड्रोजन धन.

कडोलीची_लेक
आणखी एक काडी टाकते. नायट्रोजन ३.०४, क्लोरिन ३.१६. नायट्रोजन ट्रायक्लोराईडवर पाणी घातलं की अमोनिया आणि हायपोक्लोरस ॲसिड मिळतं. म्हणजे नायट्रोजननं हायड्रोजन घेतले, क्लोरिननं ओएच घेतला, म्हणजे नायट्रोजन ऋण वागला. मग मोठं कोण?

हिडकल
कुठल्या स्केलवर विचारताय त्यावर आहे. पाउलिंगच्या जुन्या तक्त्यात दोघंही ३.०. ऑलरेड-रोचावमधे नायट्रोजन ३.०७ आणि क्लोरिन २.८३, ॲलनच्या स्केलमधे पण नायट्रोजनच वर. एवढ्या जवळच्या दोन आकड्यांत दुसऱ्या दशांशावर भांडायचं नाही असं माझं स्पष्ट मत आहे. हायड्रोजन बाँडिंगला पण नायट्रोजन चालतो आणि क्लोरिन चालत नाही, तिथं परत आकारच आडवा येतो.

वडगावचा_बंड्या
शेवटचं विचारतो. फ्लोरिनच्या उजवीकडं निऑन आहे की. बाण तिथपर्यंत का नेत नाहीत? जोर तर अजून वाढला असणार.

हिडकल
वाढलाच आहे. पाउलिंगना बंधांच्या ऊर्जा लागायच्या आणि तेव्हा या वायूंचे बंधच माहीत नव्हते, म्हणून ते घर रिकामं राहिलं. १९६२ ला बार्टलेटनी झेनॉनचं संयुग केलं, मग झेनॉनला पाउलिंगच्या रीतीनं २.६० मिळाला, आयोडिनच्या (२.६६) अगदी शेजारी. १९८९ मधे ॲलन यांनी वेगळी व्याख्या केली, बाहेरच्या इलेक्ट्रॉनची सरासरी ऊर्जा, ती एकट्या अणूच्या स्पेक्ट्रमवरनं निघते, बंध लागतच नाही. त्यात निऑन ४.७९ आणि फ्लोरिन ४.१९, म्हणजे बाण निऑनपर्यंत जातो. बंध न करणाऱ्या अणूला "बंधात किती ओढतो" विचारण्यात अर्थ आहे काय यावर लोक अजून वाद घालतात, मला तरी त्या आकड्याचा रोजच्या कामात उपयोग झालेला नाही.
सीईटीत विचारलं तर मुकाट्यानं फ्लोरिन लिही.

मलप्रभा (धागाकर्ती)
सगळ्यांचे मनापासून आभार. फौंड्रीवाल्या दादांचं सल्फाईडचं गणित पोरानं वहीत उतरवून घेतलंय आणि आता क्लोराईडला पण तसंच लावून बघतोय, सोडियम क्लोराईडला एक बंध धरून ४८० येतंय आणि पुस्तकात ४११ आहे. हे एवढं का चुकलं ते कोण सांगणार?

हिडकल
चुकलं कुठं, ही रीत अंदाजाचीच. फरक दोनच्या वर गेला की वर्ग फार झपाट्यानं वाढतो आणि आकडा जास्त यायला लागतो. त्याला सोडियम ब्रोमाईड आणि आयोडाईड पण करायला सांगा, फरक कमी होईल तसं उत्तर जवळ येतंय काय ते त्यालाच दिसेल. आकडे इथं टाका, बघू.